काडेपेटीतली गोम

पाठीवर औषधाचा पंप घेऊन मी हिंडायचो तेव्हा महाडात मला पुढच्या दाराने कुणी घरात घेत नसे. "मागनं या," असं आधीच बजावलेलं असायचं. घरात झुरळं झालीत, ढेकूण झालेत, मोरीतून गोमी निघतात हे शेजाऱ्यांना कळलं तर अब्रू जाते, म्हणून मी पंप गोणपाटात गुंडाळून न्यायचो. एका बाईंनी तर माझ्यादेखत शेजारणीला सांगितलं, की हे पाण्याची टाकी धुवायला आलेत. शेजारीण म्हणाली, मग जाताना आमचीही धुऊन जा. आता काय करणार, गेलो आणि धुतली. झुरळं तिच्याकडेही भरपूर होती, पण ती काही बोलली नाही आणि मीही बोललो नाही.

दिवाळी अंकासाठी धंद्यातल्या गमतीजमती लिहा, असं संपादकांनी सांगितलं आहे. चार-पाच वेळा लिहायला बसलो. दर वेळी एकच प्रसंग पुढे येऊन बसतो आणि त्यात गंमत कसलीच नाही. तो सांगितल्याशिवाय बाकीचं सांगणं खोटं होईल. तरी आधी इकडचं तिकडचं थोडं बोलतो, कारण तिथपर्यंत जायला माझे पाय अजूनही जड होतात.

मुंबईत एका कंपनीत मी हे काम शिकलो आणि नव्वदच्या सुमाराला गावी येऊन स्वतःचं सुरू केलं. महाडातली घरं, कारखान्यांची गोदामं, पोलादपूरपर्यंत हायवेवरची हॉटेलं, एवढा माझा मुलूख. लोक मला 'औषधवाले' म्हणत. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला मी डॉक्टर वाटायचो आणि ती चूक मी कधी घाईने दुरुस्त केली नाही.

आमच्या पावसात सगळ्यात जास्त बोलावणी गोमीसाठी यायची. इथे एक गोष्ट समजून घ्या. दगडाखाली सापडते ती जाड, चपटी, तांबूस घोण वेगळी. ती चावते आणि चांगली आग होते. मी म्हणतो ती दुसरी. बोटाच्या दोन पेरांएवढी, राखाडी-पिवळी, अंगावर लांब काळपट पट्टे, आणि दोन्ही बाजूंना केसांसारखे लांब पाय, पंधरा जोड्या. मोरीतला दिवा लावला की भिंतीवरून इतक्या वेगाने पळते, की बघणारा आधी ओरडतो आणि मग विचार करतो, आपण नक्की काय पाहिलं. ती बिचारी कुणाच्या वाटेला जात नाही. पीठ खात नाही, लाकूड खात नाही, कपडे खात नाही. झुरळाची पिल्लं, कसर, कोळी, पावसाळ्यात दिव्यावर येणारे वाळवीचे पंखवाले किडे, हा तिचा आहार. म्हणजे खरं पाहिलं तर ती माझंच काम फुकटात करत होती.

ती घरात येते ती ओलीसाठी. तिच्या अंगातलं पाणी पटकन सुकतं, म्हणून तिला दमट जागा लागते. पावसात जमीन तुडुंब भरली की ती वर सरकते, आणि उन्हाळ्यात सगळं तापलं की मोरीकडे येते. जिथे ओल आहे, खायला किडे आहेत आणि आत शिरायला फट आहे, तिथे ती येणार. या तीन गोष्टी काढून टाकल्या की जाते. औषधाने फारसं काही होत नाही, कारण ती उंच पायांवर पळते आणि तिचं अंग फवारलेल्या जमिनीला जेमतेम लागतं. हे मला पहिल्या वर्षापासून माहीत होतं. तरी मी फवारत होतो, कारण फट बुजवा असं सांगणाऱ्याला कोणी दर महिन्याला बोलावत नाही.

शिवाय लोकांची भीती माझ्या बाजूने होती. गोम कानात शिरते, हे आमच्याकडे लहान मुलालाही ठाऊक असतं. तीस वर्षांत मी एकाही कानात गेलेली पाहिली नाही. पोलादपूरला एक निवृत्त गुरुजी होते, ते आषाढ लागला की कानात कापसाचे बोळे घालून बसत. त्यांनीच मला बोलवायचं, आणि मी दार बडवून बडवून शेवटी परत जायचं. मग दुसऱ्या दिवशी निरोप यायचा, काल का आला नाहीत.

काडेपेटीची कल्पना मात्र मला एका हॉटेलवाल्याने दिली. पोलादपूरला महाबळेश्वरचा फाटा फुटतो, तिथे त्याचं हॉटेल होतं. मी फवारणी केली की तो कमरेवर हात ठेवून विचारायचा, "औषध मारलंत तां दिसला. मेला काय तां दाखवा." झुरळ या बाबतीत फार प्रामाणिक. खोलीच्या मधोमध उताणं पडून मरतं, गिऱ्हाईक खूश होतं. गोम मात्र फवारा आला की फटीत पळते आणि मेली तरी कुणाला दिसत नाही. हॉटेलवाल्याला दाखवायला माझ्याकडे काहीच नसायचं.

म्हणून मी एक काडेपेटी बाळगायला लागलो. आत कापूस, कापसावर मेलेली गोम. काम झालं की कुणाचं लक्ष नाही असं बघून ती कोपऱ्यात टाकायची आणि मग आपणच म्हणायचं, "ही बघा." ताजीच लागायची, कारण वाळली की तिचे पाय गळतात, आणि पाय गळलेली गोम कुणाला पटत नाही. ताजा माल माझ्या घरच्या मोरीत मिळायचा. तिथला नळ वर्षानुवर्षं गळत होता. माझी बायको मंदा म्हणायची, "गावाची घरं साफ करता, एवढा एक नळ तेवढा बसवा." मी बसवला नाही. कारण तिला सांगायची सोय नव्हती.

असल्या दहा-बारा घरांत मी काडेपेटी उघडली असेन. तेव्हा मला ती हातचलाखी वाटायची, थोडी मजाही वाटायची.

त्या पावसाळ्यात दासगावच्या अलीकडच्या एका वाडीतून बोलावणं आलं. मरियमचाचीचं घर. चाचीचा मुलगा इक्बाल कुवेतला नोकरीला. त्याने पाठवलेल्या पैशांतून स्लॅबचं नवं घर उभं राहिलं होतं, टाइल्सची न्हाणी, बाहेर कुंपणाची भिंत, घरात फोन. नवरा जाऊन चाचीला बरीच वर्षं झाली होती. घरात ती, तिची सून रुखसाना, आणि जेमतेम पंधरा दिवसांची नात, सना.

मी पोचलो तेव्हा चाची न्हाणीत पाय पसरून बसली होती आणि नडग्यांवर पालथी घातलेली सना. चाची एका हाताने तिच्या पाठीवर तेल जिरवत होती आणि दुसऱ्या हाताने तांब्याने कढत पाणी सोडत होती. पोर रडत नव्हती. रुखसाना दाराशी उभी. तिचे डोळे जागरणाने लाल झाले होते. ती म्हणाली, "भाऊ, दोनदा दिसली भिंतीवर. पोरीच्या कानात गेली तर मी काय करू? मला झोपच नाय." चाची मान वर न करता म्हणाली, "कानात नाय जात गो. इक्बालला मी असाच वाढवलाय." रुखसानाला ते पटलेलं नव्हतं.

बाळंतिणीची खोली कशी असते ते तुम्हाला माहीत असेल. वारा लागू नये म्हणून खिडक्या घट्ट बंद. रोज दोनदा आंघोळी. पावसात बाहेर काही वाळत नाही, म्हणून दुपटी-लंगोट आतच दोरीवर, खाली शेगडी. भिंतींना हात लावला तर हात ओला होत होता. मी घराला एक फेरी मारली. न्हाणीचं पाणी बाहेर नेणारा पाइप भिंतीतून जातो तिथे गवंड्याने भोक बुजवलंच नव्हतं, माझी दोन बोटं आत जात होती. आणि नेमक्या त्याच भिंतीला टेकून, पत्र्याखाली, आंघोळीच्या पाण्यासाठीची पावसाळ्याची सगळी लाकडं रचलेली. पंधरा मिनिटांत मला सगळं कळलं. मूठभर सिमेंट आणि लाकडं हातभर लांब सरकवायची, काम संपलं असतं.

मी पंप भरला.

पोरीला आणि बाळंतिणीला पुढच्या खोलीत बसवलं, घराबाहेरून आणि न्हाणीत फवारलं. खोलीत औषध मारलं नाही, एवढी अक्कल होती. मग 'ही बघा' करायची वेळ आली. एरवी मी उंबऱ्याजवळच्या कोपऱ्यात टाकायचो, पण तेवढ्यात रुखसाना उंबऱ्यावर येऊन उभी राहिली. मी वळलो. खोलीच्या कोपऱ्यात एक गोधडी गुंडाळून ठेवली होती. मुठीतल्या मुठीत काडेपेटी उघडली आणि गोधडीमागे गोम टाकली. ती गोधडीच्या घडीत अडकली. कुणाची गोधडी आहे, हे मी बघितलं नाही.

"ही बघा," मी म्हटलं.

रुखसानाने गोधडी ओढली, तशी घडीतून गोम खाली पडली. ती किंचाळली वगैरे नाही. सासूकडे बघून म्हणाली, "अम्मा, तुमच्या अंथरुणात." चाची पुढे आली, वाकून बघितलं आणि म्हणाली, "माझ्या? माझ्या कशी येल?" मी औषधाचा डबा बंद करत होतो. डब्याचं झाकण मी जरा जास्तच वेळ फिरवत बसलो.

फवारणी पुन्हा महिन्याने, असं ठरलं होतं. महिन्याने गेलो तर चाची पुढच्या ओटीवर बसली होती. पाय तसेच पसरलेले, पण त्यांच्यावर सूप, सुपात तांदूळ. आतून सनाचं रडणं ऐकू येत होतं आणि पाणी ओतल्याचा आवाज. आंघोळीसाठी आता शेजारच्या वाडीतली बाई लावली होती. रुखसानाने इक्बालला फोनवर सगळं सांगितलं होतं आणि इक्बालने तिकडून सांगितलं होतं, अम्मांनी सध्या ओटीवर झोपावं, पोरीला घेऊ नये, पोरगी मोठी होईपर्यंत. त्यात वाईट हेतू कुणाचाच नव्हता. मुलगा लांब, बायको घाबरलेली, पोर लहान. माझ्यावर त्यांनी विश्वास ठेवला, एवढंच.

मी मागच्या अंगाला गेलो तर चुलीवर पाणी तापत होतं आणि चाची माझ्यामागून तिथे आली. हातात गोधडी. तिने ती चुलीजवळ ठेवली आणि कडेपासून फाडायला सुरुवात केली. फाडताना मला सांगत होती, जशी कुणी कुणाला बाजारातलं सांगावं तशी. "ही इक्बालच्या बापाची लुंगी. ही पण. हा इक्बालचा सदरा, मदरशात जायचा तेव्हाचा. चारदा उकळवली भाऊ, उन्हात तर घालता येत नाय. तरी रुखसानाचा भरवसा बसत नाय. तिचा पण काय चुकला? पोरीचा कान हाय." एकेक पट्टी ती चुलीत घालत होती. जुनं सुती कापड भुरूभुरू जळतं.

मला एक वाक्य बोलायचं होतं. ते बोलायला किती वेळ लागला असता, याचा हिशेब मी नंतर पुष्कळ वेळा केला आहे. मी म्हणालो, "बरं केलंत, चाची."

हे दोन शब्द मी आयुष्यात उच्चारलेले सगळ्यात वाईट शब्द आहेत. काडेपेटी ही लबाडी होती. पण 'बरं केलंत' हे मी तिच्या तोंडावर, तिचा नवरा चुलीत जळत असताना बोललो. मग फवारणी केली. पाइपाचं भोक तसंच होतं आणि लाकडं तशीच भिंतीला लागलेली. मी त्यांना हात लावला नाही, कारण भोक बुजवलं आणि गोमी थांबल्या, तर त्या कुठून येत होत्या हे सगळ्यांनाच कळलं असतं.

त्या दिवसानंतर काडेपेटी बंद केली. घरी जाऊन नळही बसवला. मंदाने विचारलं, आज कसं काय सुचलं, तर म्हटलं, सवड मिळाली. त्या वाडीत मी पुन्हा गेलो नाही, माझ्या ओळखीच्या दुसऱ्या माणसाला पाठवलं आणि त्याला सांगितलं, भोक बुजव आणि लाकडं हलव. त्याने ते केलं. गोमी थांबल्या, आणि श्रेय गोधडी जाळण्याला मिळालं.

पुढे मी पंपाआधी टॉर्च काढायला लागलो. कुठल्याही घरी गेलो की घराभोवती फिरायचो. लाकडं, विटा, कौलं, नारळाच्या सोडणांचा ढीग भिंतीपासून हातभर लांब न्या. मोरीच्या जाळीवर बारीक जाळी बसवा. पाइपाभोवतीची फट सिमेंटने बुजवा, दाराखालच्या फटीला पट्टी लावा. गळका नळ आजच बदला. ओली गोणपाटं आत ठेवू नका. पावसाने उघडीप दिली की तासभर का होईना, खिडक्या उघडा. दाराबाहेरचा दिवा रात्रभर जाळू नका, त्यावर किडे येतात आणि किड्यांमागून ती येते. आणि एखादी दिसलीच तर पेला उपडा घाला, खालून पुठ्ठा सरकवा आणि बाहेर सोडा. लोक म्हणायचे, औषधवाले आता म्हातारे झाले, पंप उचलत नाही. काही गिऱ्हाइकं तुटली. मी लोकांना शहाणपण शिकवत होतो आणि ज्या एका घरात जाऊन ते बोलायला हवं होतं त्या वाटेला जात नव्हतो.

काही वर्षांनी महाडच्या बाजारात, सुक्या मासळीच्या दुकानापाशी चाची भेटली. वाकली होती. मी चुकवून जाणार होतो, पण तिनेच हाक मारली. इकडचं तिकडचं विचारलं. सना शाळेत जाते, असं सांगितलं. मग एकदम म्हणाली, "भाऊ, तू जाणकार. एक सांग. माझी गोधडी मी आठ-आठ दिवसांनी झाडायची. मग ती आत शिरली कवा?"

मी म्हणालो, "पावसात कुठंही शिरतात, चाची."

"कुठंही नाय शिरली. माझ्याच गोधडीत शिरली," ती म्हणाली, सुकटाची पुडी पिशवीत टाकली आणि स्टँडकडे चालू लागली. इतकी वर्षं ती त्या एका प्रश्नाशी बसून होती. स्वतःच्या अंथरुणाचा, स्वतःच्या हातांचा वास घेऊन बघत असेल, असं माझ्या मनात आलं आणि ते जाईना.

घरी येऊन मंदाला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मला कशाला सांगता? तिला सांगा." आणि ताटं घ्यायला उठली. तरी माझं आणखी एक वर्ष गेलं. आज जाऊ, पाऊस थांबला की जाऊ, ईद झाली की जाऊ. गोमीसारखाच मी, उजेड दिसला की फट शोधायची.

शेवटी एका सकाळी गेलो. पंप नाही, पिशवी नाही. त्या घरात पहिल्यांदाच पुढच्या दाराने. चाची ओटीवरच होती. तिचं अंथरूणही तिथेच, पायाशी गुंडाळलेलं, विकतची रंगीत चादर आणि एक ब्लँकेट. म्हणजे 'पोरगी मोठी होईपर्यंत' हे कधी संपलंच नव्हतं. रुखसाना आतून बाहेर आली, मला ओळखून खुर्ची दिली. तिच्यामागे सना, नऊ-दहा वर्षांची, दोन वेण्या. कुंपणाच्या भिंतीपलीकडे दोन बायका मासे साफ करत बसल्या होत्या.

मी चाचीसमोर खालीच बसलो आणि हळू आवाजात सुरुवात केली. "चाची, ती गोम तुमच्या गोधडीत नव्हती."

"काय?" चाचीने कानामागे हात धरला. "जोरात बोल रे. सालभरात कान गेले माझे."

हे मी गृहीत धरलं नव्हतं. रस्ताभर मी वाक्यं जुळवत आलो होतो, ती कुजबुजण्याइतपत आवाजाची होती. मी आवाज चढवला. "गोम मी टाकली होती. माझ्या काडेपेटीतून."

"काडेपेटी? काडेपेटी पायजे?" तिने सनाला खूण केली, आतून आण म्हणून.

भिंतीपलीकडच्या बायकांचे हात थांबले होते. रुखसाना दाराच्या चौकटीला धरून उभी होती, तिला सगळं ऐकू येत होतं. मी उठून चाचीच्या कानाशी तोंड नेलं आणि ओरडून सांगितलं. गोम मी घरून आणली होती. मेलेली होती. काम झालेलं दिसावं म्हणून टाकली. तुमच्या अंथरुणात कधीच काही नव्हतं. गोमी पाइपाच्या भोकातून येत होत्या, हे मला पहिल्या दिवशीच माहीत होतं. एकेक वाक्य दोनदा, काही तीनदा ओरडावं लागलं. लबाडी मी हळूच केली होती, पण ती कबूल करायला अख्ख्या वाडीला ऐकू जाईल एवढा आवाज लागला.

सना आजीकडे आणि आईकडे आळीपाळीने बघत होती. मग तिने आईला विचारलं, "म्हणजे दादीची नव्हती?" रुखसाना ओटीवर आली आणि चाचीच्या पायाशी असलेलं अंथरूण उचलून छातीशी धरून उभी राहिली. आत न्यावं की नाही, हे तिला समजत नव्हतं.

मी काय काय विचारलं जाईल याची तयारी करून आलो होतो. का केलंस, कसं केलंस, एवढी वर्षं कुठे होतास. चाचीने त्यातलं काहीच विचारलं नाही.

"मग माझी गोधडी चांगली व्हती?"

"चांगली होती, चाची."

तिने रुखसानाकडे बघितलं, मग भिंतीपलीकडे बघितलं, आणि पुन्हा कानामागे हात धरला. या वेळी तिला ऐकू आलेलं होतं, याची मला खात्री आहे.

"परत बोल," ती म्हणाली. "जोरात."

मी उभा राहिलो आणि रस्त्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, की मरियमचाचीची गोधडी चांगली होती.